चौथा नमुना

१६ जून २००३, सोमवार

क्लासने यंदा सगळ्या शिक्षकांना डायऱ्या वाटल्या. मुखपृष्ठावर गुणवत्ता यादीतल्या अकरा मुलांचे फोटो आहेत. मी वर तपकिरी कागद चढवला आणि ठरवलं, हिच्यात फक्त पिंजऱ्याचं लिहायचं.

पिंजरा हे नाव डॉ. यज्ञेश कंधारकरांनी दिलेलं. ते नांदेडला मणक्याच्या शस्त्रक्रिया करतात. क्षयाने मणका पोखरला की तो काढावा लागतो आणि रिकाम्या जागेत आधार ठेवावा लागतो, नाहीतर वरचं शरीर पुढे कलंडतं. परदेशी पिंजरा आत घालताना आखूड असतो. जागेवर बसवून किल्ली फिरवली की हवा तेवढा उंच होतो. तो मागवायला दोन-दोन महिने लागतात. दीड वर्षापूर्वी डॉक्टर मला म्हणाले, "श्रीपादराव, तुम्ही मूळचे मेकॅनिकलचे. आपल्याकडे जमेल का हे?"

मूळचा मेकॅनिकलचाच. पुण्यात सात वर्षं ड्रॉइंग काढली. कारखाना बंद पडला, लातूरला परत आलो, बारावीला भौतिकशास्त्र शिकवायला लागलो. समोर तीनशे मुलं, हातात माईक. गावात मला 'क्लासवाले सर' म्हणतात. मला ते आवडत नाही. हे माझ्या बायकोला, राजश्रीलाही कधी सांगितलेलं नाही.

आमचा पिंजरा म्हणजे एकात एक बसणाऱ्या दोन नळ्या. किल्लीने कडी फिरवली की आतली नळी वर सरकते. तिला दाते आहेत. हव्या उंचीला एक छोटी खिट्टी दात्यात पडते, आणि मग नळी खाली उतरत नाही. उतरता कामा नये. सगळी मदार त्या खिट्टीवर.

एमआयडीसीतल्या गुरुपादप्पांनी बारा नमुने पूर्ण केले. ते निलंग्याकडचे, घरी कानडी बोलतात. कामाला बसले की रेडिओ बंद करतात.

४ जुलै, शुक्रवार

कॉलेजच्या प्रयोगशाळेत दाबाच्या यंत्रावर चाचणी झाली. अकरा नमुने एक केसभरही हलले नाहीत. चौथा सरकला. मोठा आवाजही नाही, नुसतं 'टक्'.

गुरुपादप्पांनी तो काढून उजेडात धरला. "सर, हे वाकडं बसलं होतं यंत्रात. भार सरळ आला नाही. पुढून आला. नळी तिरपी झाली, खिट्टी दात्यावर चढली."

"म्हणजे पकड नीट बसली नव्हती."

"पकड नव्हती बसली, व्हय. पन माणूस बी तर पुढं वाकतोच की, सर."

दोन खिट्ट्या समोरासमोर घेतल्या तर नळी तिरपी होणार नाही, हे मला तिथेच दिसलं. म्हणजे नवीन ड्रॉइंग, नवी हत्यारं, परत बारा नमुने. चार महिने तरी. डॉक्टरांनी नोव्हेंबरच्या पुण्याच्या परिषदेत माझं नाव देऊन ठेवलंय.

अहवालात लिहिलं : 'नमुना क्र. ४ यंत्रातील पकड सदोष असल्याने गणनेतून वगळला.'

५ जुलै

अकरापैकी अकरा टिकले. हे वाक्य खोटं नाही.

१७ जुलै, गुरुवार

आज फळ्यावर खांब आणि त्यावरचा भार शिकवत होतो. मधल्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली. "सर, भार मधोमध नसेल तर?"

मी म्हणालो, "परीक्षेत तसं विचारत नाहीत." सगळे हसले. ती खाली बसली. मुलांनी तिला हसावं म्हणून मी म्हटलं नव्हतं. कशासाठी म्हटलं ते ठाऊक नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज नांदेडला पहिला पिंजरा बसला. रुग्णालयाच्या समितीने अहवाल वाचून परवानगी दिली होती.

बाईंचं नाव नागाबाई. किल्लारीच्या. वय पन्नाशीच्या आत-बाहेर. मुलगा देविदास साखर कारखान्यात आहे, सोबत सून दीपाली आलीय. क्षयाने पाठीतला एक मणका पार भुगा केलेला. मी हिरवा अंगरखा घालून कोपऱ्यात उभा होतो. डॉक्टरांनी किल्ली फिरवली, आणि पडद्यावर ती नळी दात्यादात्याने वर आली. सात दाते बाहेर. वाकलेली पाठ माझ्या डोळ्यांसमोर सरळ झाली.

डॉक्टर मास्कमधून म्हणाले, "श्रीपादराव, बघा तुमचं काम."

परतताना बस चाकूरला थांबली. चहा घ्यायला उतरलो, तर आनंदात कंडक्टरच्या चहाचेही पैसे मीच दिले. चौथ्या नमुन्याची आठवण झाली नाही असं नाही.

९ सप्टेंबर

नागाबाई पट्टा बांधून चालल्या. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. आणखी दोघांना पिंजरे बसले : एक चाकूरचे शिक्षक, एक कंधारचे दुकानदार.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नांदेडला गेलो होतो. नागाबाईंचा नवा एक्स-रे आला. उंची चार मिलिमीटरने कमी झाली आहे.

डॉक्टरांचा अंदाज, पिंजरा खालच्या हाडात रुतला. अशक्त हाडात असं होतं, वजन उचललं तर हमखास होतं. त्यांनी नागाबाईंना विचारलं, "काय उचललं?"

"काय न्हाई, साहेब."

"घरात पाणी कोण भरतं?"

"सून भरती."

"आठवून सांगा. न उचलता असं होत नाही. काहीतरी उचललं असणार."

दीपाली बाजूलाच उभी होती. ती म्हणाली, "आत्याबाई, मी शेतात गेल्यावर कायतरी केलं असंल तुमी. खरं सांगा की."

नागाबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "घागर उचलली आसंल एकांदी."

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं : सूचना पाळल्या नाहीत.

ते दुसऱ्या रुग्णाकडे गेले तेव्हा मी एक्स-रे खिडकीला लावून दाते मोजले. पाच बाहेर. ऑगस्टमध्ये सात होते. पिंजरा हाडात रुतला असता तर दाते सातच राहिले असते.

मी एक्स-रे पाकिटात घातला. बोललो नाही. तसंही बाईंनी घागर उचलली नसती तर एवढा भार आलाच नसता. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

९ नोव्हेंबर, रविवार

पुण्याचं भाषण झालं. हॉलमध्ये दोनशे शल्यविशारद. डॉक्टर बोलले, मग मला बोलावलं. नागाबाईंचे दोन एक्स-रे मीच पडद्यावर दाखवले आणि माझ्याच तोंडाने म्हणालो, "या रुग्ण ग्रामीण भागातल्या आहेत, त्यांनी वजन उचलल्याचं स्वतः मान्य केलं आहे." समोरच्या रांगेत दोन-तीन माना समजूतदारपणे हलल्या.

टाळ्या मिळाल्या. एका वयस्कर डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "पुढे झुकलेल्या भाराची चाचणी केली होती का?" मी म्हणालो, "हो." एवढंच. हो.

१५ नोव्हेंबर

क्लासच्या गेटवर फलक लागला. माझा फोटो, खाली 'संशोधक प्राध्यापक'. मी आता मागच्या दाराने आत जातो. राजश्रीला सांगितलं की पुढे सायकलींची फार गर्दी असते.

१८ डिसेंबर, गुरुवार

नागाबाईंना परत आणलं. डाव्या पायाला मुंग्या येतात, चप्पल पायातून निघून जाते तरी कळत नाही. एक्स-रेत आठ मिलिमीटर गेलेले. दाते मी मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती.

डॉक्टर चिडले होते. "आता काय उचललं?"

"नातवाला घेतलं कडंवर," त्या म्हणाल्या.

"मागे घागर म्हणाला होतात."

"घागर बी. आन् शेनाची पाटी बी."

दर वेळी नवीन काहीतरी. बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "या लोकांचं असंच. पोटातलं सरळ सांगत नाहीत." मलाही तसंच वाटलं. घागर, नातू, पाटी, एकाचा एकाला मेळ नाही.

मी व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. नागाबाई सुनेचा हात धरून आल्या आणि मला कळायच्या आत वाकून माझ्या पायाला हात लावू लागल्या. त्या वाकल्या. त्यांनी तर वाकायचंच नव्हतं.

"साहेब, तुमी एवढं चांगलं बनवून दिलं आन् म्या त्याची माती केली. माफी असावी."

मी त्यांना धरून उभं केलं. "असू द्या, मावशी," म्हणालो.

असू द्या! मी त्यांना माफ केलं.

मग शौचालयात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. बाहेर कुणीतरी दार वाजवत होतं.

२० डिसेंबर, शनिवार

दुपारी दोन तुकड्यांच्या मधल्या सुटीत गुरुपादप्पा क्लासवर आले. स्वच्छ धुतलेला शर्ट घातला होता. त्यांच्या हाताला तेल नसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. शिक्षकांच्या खोलीत आणखी कुणी नव्हतं. त्यांनी खिशातून कापडाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. चौथा नमुना.

"मी टाकलो नव्हतो," ते म्हणाले. "किल्लारीच्या बाईचं ऐकलो. मग वर्कशॉपातच तिरपी पट्टी लावून पाच नवे दाबून बघितलो. तीन सरकले."

"कुणाला बोललात?"

"कुणाला बोलू? मी ड्रॉइंगप्रमानं बनवलो. ड्रॉइंग तुमचं." पुरचुंडी माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "सर, मी तुमाला दरडावायला नाही आलो. माझ्या हातानं बनवलेलं हाय ते. मला बी झोप लागत नाही. तुमी सांगा. तुमी नाही सांगितलं तर मी जातो नांदेडला. पन माझं मराठी असं. डॉक्टर माझं ऐकून घेतील का, तेच कळत नाही."

घंटा झाली. ते उठले. दाराशी जाऊन परत वळले आणि म्हणाले, "दोन खिट्ट्या लावायच्या होत्या, सर. तुमाला तेव्हाच दिसलं होतं. तुमचं तोंड मी बघत होतो."

पुढचा तास मी घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

राजश्रीला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. मला वाटलं ती विचारेल, नोकरीचं काय, लोक काय म्हणतील. निदान मी त्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवली होती.

तिने विचारलं, "त्या बाईंना कुणी सांगितलं का, की त्यांची चूक नाही?"

"डॉक्टरांना आधी सांगतो."

"मी त्या बाईंचं विचारलं." ती पुन्हा शेंगा सोलायला लागली.

२४ डिसेंबर, बुधवार

कंधारकरांना सांगितलं. चौथा नमुना आणि गुरुपादप्पांनी दाबलेले पाच, सगळे त्यांच्या टेबलावर ठेवले. ऑगस्टचा आणि ऑक्टोबरचा एक्स-रे शेजारी धरून दाते मोजून दाखवले. त्यांनी बोट ठेवून ते परत मोजले. मग उठून त्यांनी खोलीचं दार लावलं.

"ऑक्टोबरमध्ये तुम्ही मोजले होते?"

"हो."

"आणि गेल्या आठवड्यात माझ्यासमोर उभे होता तुम्ही. मी त्या बाईला रागावत होतो, आणि तुम्ही पाकीट हातात घेऊन उभे होता."

"हो."

"मी स्वतः का नाही मोजले?" हे त्यांनी मला नाही, एक्स-रेला विचारलं. नंतर मात्र ते माझ्यावर ओरडले. मला काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. ते सगळं बरोबर होतं. शेवटी म्हणाले, "सगळं लिहून द्या. समितीला मी देतो. पुण्याला तुम्ही स्वतः कळवा. बाकीच्या दोघांना आजच बोलावतो. नागाबाईंचं पुन्हा उघडावं लागेल. बरगडीचं हाड घालू, मागून सळ्या लावू. पायाचं काय होईल, सांगता येत नाही."

तिथेच बसून तीन पानं लिहिली. अक्षर चांगलं आलं. याचीही लाज वाटली.

२ जानेवारी २००४, शुक्रवार

नागाबाई वॉर्डात दाखल आहेत. मंगळवारी शस्त्रक्रिया. डॉक्टर म्हणाले, मी सोबत येतो. मी म्हणालो, एकटा जातो.

दीपाली औषधं आणायला खाली गेली होती. मी स्टुलावर बसलो आणि जसं वर्गात सांगतो तसं नळी, दाते, खिट्टी असं सांगू लागलो. त्या मान हलवत होत्या. मग मलाच कळलं, मी मुद्द्याच्या भोवती फिरतोय. म्हणालो, "मावशी, तुमच्या पाठीतली वस्तू मोडली ती माझ्या चुकीने. मला आधीपासून माहीत होतं. तुम्ही घागर उचलली म्हणून नाही. उचलली असती तरी ती टिकायला हवी होती."

त्या छताकडे बघत राहिल्या.

"म्या कुटं उचलली घागर?" त्या म्हणाल्या.

मला समजेना. "तुम्हीच म्हणालात. मग नातवाला घेतलं म्हणालात."

"तुमी समदे इचारत ऱ्हायले, काय उचललं, काय उचललं. न्हाई म्हनलं तर कुनी आयकून घेईना. मला वाटलं, एवढे शिकलेले लोक म्हनतेत, तर उचललं आसंल. रोज आठवून बघायची, कवा उचललं म्या? मग घागर डोळ्यापुढं यायची. मग पोरगं यायचं." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "अडीच महिने झाले, नातू जवळ आला तर म्या हात मागं घेती, साहेब. सून म्हनती, शिवू नका त्याला, परत उचलताल."

मी स्टूल कॉटच्या आणखी जवळ ओढलं.

"भूकंपात बी आसंच झालं व्हतं," त्या म्हणाल्या. "म्या माळवदाखाली व्हते. दिस कलल्यावर काढलं मला. पोरगी माज्या शेजारी व्हती, ती गेली. समदे इचारायचे, तू पोरीला उचलून भायेर का न्हाई आली? माजा हात दगडाखाली, कशी उचलू? पन लई लोकांनी इचारलं. मग म्या सांगाया लागले, मला झोप लागली व्हती म्हून. दहा वर्सं तेच सांगती."

घागर, नातू, पाटी. मी त्याला खोटेपणा समजलो होतो. या वहीत तसं लिहून ठेवलंय. खोडणार नाही.

मी म्हणालो, "मला माफ करा."

"माफी ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "हितं मला एकलीला सांगून काय व्हतंय? घरी येऊन सांगा. समद्यांम्होरं. म्या उचललं न्हाई म्हून."

७ जानेवारी

काल शस्त्रक्रिया झाली, सहा तास चालली. मला आत घेतलं नाही, ते योग्यच. बाहेर देविदासबरोबर बसलो. त्याला मी कोण आणि काय केलं ते सांगितलं. तो उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

काढलेला पिंजरा डॉक्टरांनी डबीत घालून पाठवला. सोबत चिठ्ठी नाही.

२९ जानेवारी

कंधारच्या दुकानदारांचाही एक दाता सरकलेला निघाला. त्यांचं पुढच्या आठवड्यात उघडणार. चाकूरच्या शिक्षकांचा अजून जागेवर आहे, दर महिन्याला बघायचा. समितीने काम बंद केलं. पुण्याहून दोन ओळींचं पत्र आलं, माझं भाषण नोंदीतून काढल्याचं. क्लासचे संचालक म्हणाले, फलक काढू, पण सर, तुम्ही शिकवत राहा, परीक्षा जवळ आलीय. मी राहिलो. मी निघून जायला हवं होतं का, माहीत नाही. मला दुसरं येत नाही.

गुरुपादप्पांकडे गेलो. ते काम करत राहिले. रेडिओ बंद होता. निघताना म्हणाले, "चहा घ्या." घेतला.

१४ मार्च, रविवार

सकाळी लातूरहून औशामार्गे किल्लारी. फाट्यावरून जीप मिळाली. नवीन गाव म्हणजे सरळ रस्ते, एका मापाची घरं. नागाबाईंच्या घराला लागून पत्र्याचं शेड आहे. छताखाली झोप येत नाही म्हणून त्या दहा वर्षं तिथेच झोपतात, असं दीपालीने सांगितलं. एवढंच ती माझ्याशी बोलली.

नागाबाई वॉकर धरून बाहेर आल्या. डावा पाय अजून ओढतात. डॉक्टर म्हणतात, सुधारेल, पण पूर्ण नाही. त्यांनी आधीच निरोप धाडले होते. अंगणात पंधरा-वीस माणसं होती. शेजारच्या बाया, भावकीतले दोघे म्हातारे, देविदास भिंतीला टेकून. मला खुर्ची दिली होती. मी बसलो नाही.

रोज तीनशे मुलांपुढे माईक घेऊन बोलणारा मी, तिथे माझा आवाज समोरच्यांपलीकडे जाईना. मी म्हणालो की नागाबाईंच्या पाठीत जी वस्तू बसवली ती मी बनवली होती. ती कच्ची आहे हे मला माहीत होतं आणि मी ते लपवलं. ती मोडली, त्यात त्यांचा काही दोष नाही. त्यांनी काही उचललं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, घरच्यांनी विचारलं, तेव्हा मला खरं माहीत होतं, आणि मी गप्प बसलो.

एका म्हाताऱ्याने तंबाखू मळायची थांबवली होती. दीपालीने पदर तोंडाला लावला आणि सासूकडे न बघता घरात गेली.

मला वाटलं, झालं. मी खाली वाकून पिशवी उचलली.

"थांबा," नागाबाई म्हणाल्या. वॉकर पुढे टाकत त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "त्या कडंच्या बायांना आयकू न्हाई गेलं. आन् सून आत गेली. तिला भायेर येऊ द्या."

दीपाली बाहेर आली. कडेवर पोरगं होतं.

"आता परत सांगा," नागाबाई म्हणाल्या. "मोठ्यानं."

मी पिशवी खाली ठेवली आणि परत पहिल्यापासून सांगितलं.